‘स्थिर’ प्रणालीचा ‘स्थिर’ अवस्थेतील दोष : शब्द सुचवावेत

रेघोटी :
पदविका अभ्यासक्रमातील नियंत्रण प्रणाली या विषयाच्या टिपणांचे मराठीकरण मी सध्या करीत आहे. त्यातील एका वाक्यावर तपासनिसांनी लाल रेघ मारली आहे. वाक्य असे : ‘ही प्रणाली स्थिर असली, तरी स्थिर अवस्थेला पोहोचण्यापूर्वी तिचा प्रतिसाद काही काळ आंदोलने घेतो आणि आदान स्थिर ठेवूनही शेवटी थोडा दोष शिल्लक राहतो.’ (आदान म्हणजे इनपुट; दोष म्हणजे एरर, अपेक्षित आणि प्रत्यक्ष मूल्यातला फरक.) जे स्थिर आहे ते आंदोलने कशी घेईल, असा त्यांचा आक्षेप आहे. मला एकाच वाक्यात तीन निरनिराळ्या गोष्टी सांगायच्या आहेत : स्टेबल, स्टेडी आणि कॉन्स्टंट. पहिला प्रणालीचा गुण, दुसरी प्रतिसादाची अवस्था, तिसरे आदानाचे मूल्य. तिन्हींना ‘स्थिर’ म्हटल्यावर विद्यार्थ्याने काय समजायचे? कृपया तीन वेगळे शब्द सुचवावेत.

बोरू :
‘स्था’ या एकाच धातूपासून स्थिर, स्थायी, स्थित, स्थावर असे शब्द आपल्याकडे आलेले आहेत; तुटवडा शब्दांचा नाही, त्यांची वाटणी झालेली नाही एवढेच. प्रणालीच्या गुणाला ‘स्थैर्य’, अंतिम अवस्थेला ‘स्थायी अवस्था’ आणि आदानाला ‘अचल’ म्हणावे. तपासनिसांचा आक्षेप मात्र मराठीच्या वळणाला धरून नाही. नव्या गावात स्थिरस्थावर व्हायला वर्ष गेले, असे आपण म्हणतो तेव्हा मधली सगळी धावपळ त्या शब्दात गृहीत धरलेली असते. ‘स्थिरावणे’ हे क्रियापद तर सेटलिंग टाइमसाठी आयतेच आहे : प्रतिसाद अंतिम मूल्याभोवतीच्या दोन किंवा पाच टक्क्यांच्या पट्ट्यात शिरून पुन्हा बाहेर न पडण्यास जो वेळ लागतो, तो स्थिरावण्याचा काळ.

पाणचक्की :
माझी सारी नोकरी जलविद्युत केंद्रात झाली आणि तिथे ‘स्थिर’ हा शब्द मी कोणाच्याही तोंडी ऐकला नाही. भार एकदम बदलला आणि वेग ठरलेल्या आकड्याच्या वरखाली होऊ लागला की ‘मशीन हंटिंग करतंय’ असे म्हणत. आमचे जुने फिटर काटा पाहून एवढेच विचारत : ‘हेलकावे मोडतायत का वाढतायत?’ स्थैर्याची व्याख्या याहून नेमकी मला पुढे कुठल्याही वर्गात मिळाली नाही. हेलकावे येणे हा अस्थैर्याचा पुरावा नव्हे; ते वाढत जाणे हा पुरावा.

पाणी आणणाऱ्या बोगद्याच्या टोकाशी, दाबाचे चढउतार झेलण्यासाठी असलेल्या उल्लोळ विहिरीचे (सर्ज टँकचे) उदाहरण या दृष्टीने पाहावे. विहिरीतील पातळी खाली आली की टर्बाइनला मिळणारी पाण्याची उंची घटते. तेवढीच वीज कायम राखण्यासाठी गव्हर्नर, म्हणजे यंत्राचा वेग आपोआप राखणारा नियंत्रक, दारे आणखी उघडतो, पाणी जास्त ओढले जाते आणि पातळी आणखी खाली जाते. गव्हर्नर आपले काम चोख करीत असतो आणि त्यामुळेच हेलकावे वाढू शकतात. जर्मनीतील हाइमबाख केंद्रातील अशाच अनुभवावरून डीटर टोमा यांनी १९१० मध्ये विहिरीचे किमान क्षेत्रफळ किती हवे, याची अट मांडली. म्हणून मी स्टेबलसाठी ‘सावरणारी’ प्रणाली असा शब्द सुचवतो. धक्का बसणे, झोक जाणे आणि तोल परत येणे हे सारे ‘सावरणे’ या क्रियापदात आहे.

बोरू :
‘सावरणे’ गोड आहे, परंतु त्यात कर्त्याची धडपड आहे. इथे धडपड कोणाचीच नाही. गुण प्रणालीचे वर्तन सांगणाऱ्या समीकरणाचा आहे. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी १८६८ च्या गव्हर्नरविषयक निबंधात अट घातली ती समीकरणाच्या मुळांवर : सर्व मुळांचे वास्तव भाग ऋण असले पाहिजेत. पुढे १८७७ मध्ये राउथ यांनी आणि १८९५ मध्ये, स्टोडोला यांच्या टर्बाइनच्या प्रश्नावरून, हुर्विट्स यांनी मुळे न काढताच ही अट तपासण्याची रीत दिली. परिभाषेला असा कोरडेपणाच शोभतो.

पाणचक्की :
त्याच निबंधात मॅक्सवेल वास्तव मुळांना ‘शक्य’ आणि संमिश्र मुळांना ‘अशक्य’ म्हणतात. तो शब्द मागे पडला, अट टिकली. शिवाय मॅक्सवेल गणिताकडे वळले ते गव्हर्नरपाशी उभे राहून. त्या यंत्राच्या भोवती काम करणाऱ्यांचे शब्द कोरडे नाहीत म्हणून टाकून द्यावेत, हे मला मान्य नाही.

सायफन :
मी तंत्रनिकेतनात शिकवते. ‘स्थिर’चा घोटाळा एका आकृतीने सुटतो, खरी अडचण फीडबॅकची, म्हणजे आउटपुटचा अंश इनपुटकडे परत आणण्याची, आहे. विद्यार्थी ‘नकारात्मक अभिप्राय’ असे लिहितात आणि तो वाईटच असणार असे धरून चालतात. वस्तुतः १९२७ मध्ये अभियंता हॅरोल्ड ब्लॅक यांनी विवर्धकाचे (अॅम्प्लिफायरचे) विवर्धन जाणूनबुजून कमी करून त्याची विकृती घटवली, ती याच ऋण फीडबॅकने; आणि कल्पना इतकी उलटी वाटली की पेटंट मिळायला १९३७ उजाडले. निदान ‘ऋण’ आणि ‘धन’ म्हणावे, ‘नकारात्मक’ नको.

बोरू :
फीडबॅकला ‘प्रत्याभरण’ आहेच. अध्यापक विद्यालयांत तो रुळलेला आहे.

सायफन :
रुळलेला आहे, पण ‘आभरण’ म्हणजे दागिना. प्रति आणि आभरण अशी फोड करणाऱ्या मुलाला त्यातून प्रदानाचा (आउटपुटचा) अंश आदानाकडे परत आणणे कसे दिसावे? ‘पुनर्भरण’ म्हणावे, तर तो शब्द विहिरींनी आणि भूजलाने घेतला आहे.

बोरू :
‘भृ’ धातूचा अर्थ वाहून नेणे, धारण करणे असाही आहे. प्रति आणि आ हे उपसर्ग लागून उलट दिशेने वाहून आणणे असा अर्थ सरळ निघतो. दागिनासुद्धा अंगावर धारण केला जातो म्हणूनच आभरण.

रेघोटी :
‘स्थायी अवस्था’ मी घेते. आदानासाठी साधे ‘कायम’ लिहीन, कारण ‘अचल आदान’ वाचताना जड वाटते. स्टेबलचा निर्णय अजून होत नाही. पुढच्याच पानावर फेज मार्जिन आले आहे, म्हणजे प्रणाली अस्थैर्याच्या काठावर येण्यापूर्वी कलेत (फेजमध्ये) आणखी किती विलंब सोसू शकते, ते. ‘कला-सीमा’ चालेल का?

पाणचक्की :
सीमा म्हणजे जिथे संपते ती रेघ. इथे रेघेपर्यंत उरलेली जागा मोजायची आहे. तिला मराठीत ‘वाव’ म्हणतात. कलेतील वाव ४५ अंश, असे लिहून पाहावे.

बोरू :
‘वाव’ला अंशांत मोजण्याची सवय मराठीला नाही. ‘कलांतर’ का नको?

सायफन :
कलांतर म्हणजे दोन तरंगांच्या कलांमधला फरक. तो शब्द भौतिकीत आधीच गुंतलेला आहे.