जुन्या स्थिर साइटला ब्लॉग जोडायचाय: वर्डप्रेसच टाकावं, असं माझं मत. पटतंय का?

अर्धविराम
ताईची साइट मी हाताने एचटीएमएल लिहून केली आहे. पानं चौदा. गच्चीवरच्या बागेची माहिती, फोटो, संपर्क. डेटाबेस नाही, पीएचपी (सर्व्हरवर चालणारा कोड) नाही, आणि सहा वर्षांत एकदाही बंद पडलेली नाही. आता ताईला महिन्यातून दोन-तीनदा काहीतरी ताजं लिहायचं असतं, म्हणजे कुठल्या झाडावर मावा आला, कशाची कुंडी बदलली वगैरे. सध्या ती मजकूर व्हॉट्सॅपवर पाठवते, मी तो पानात चिकटवतो आणि फाइलझिलाने (फाइली सर्व्हरवर पाठवायचा प्रोग्रॅम) वर चढवतो. मी दोन आठवडे विसरलो की मावा झाड खाऊन मोकळा होतो आणि लेख माझ्या फोनातच.

माझं मत आधीच सांगतो, म्हणजे झोडपायला सोपं. 'ब्लॉग' नावाचा फोल्डर करावा, त्यात वर्डप्रेस (ब्राउझरातून लिहायचं ब्लॉगचं सॉफ्टवेअर) टाकावं, जुन्या पानांना हात लावू नये. मुख्य इंडेक्स फाइल जिथल्या तिथे राहते, वर्डप्रेस आपल्या फोल्डरपुरतं बघतं, ताई फोनवरून लिहिते. विरोध जरूर करा, फक्त कारणासकट.

खडूफळा
असहमत. नाकापेक्षा मोती जड. महिन्याला तीन नोंदींसाठी तुम्ही चौदा निरुपद्रवी पानांशेजारी पीएचपी, डेटाबेस, थीम (रूपाचा साचा) आणि प्लगिनांचं (वरून जोडायच्या सोयींचं) बिऱ्हाड आणून बसवताय. या बिऱ्हाडाला रोज पाणी घालावं लागतं.

अनुभवाचं सांगतो. एका नातेवाइकांच्या साइटवर मी अगदी हेच केलं होतं. फोटो-गॅलरीचं एक प्लगिन दीड वर्ष जुनं राहिलं. एक दिवस त्यांनी स्वतःचं नाव गूगलवर शोधलं, तर त्यांच्या पानांच्या नावाखाली औषधांच्या जाहिराती! साइट उघडली की सगळं ठीक दिसायचं, घाण फक्त सर्च इंजिनलाच दाखवली जात होती. घुसखोर शिरला ब्लॉगमधून, पण फाइली बदलल्या मुख्य साइटच्या, कारण दोन्ही एकाच खात्यात. बॅकअप घ्यायला सुरुवात त्यानंतर केली. बैल गेला नि झोपा केला.

त्यापेक्षा ह्यूगो घ्या. मजकुरापासून स्थिर पानं बांधणारा एकच प्रोग्रॅम, डेटाबेस नाही. जुनी चौदा पानं त्याच्या 'स्टॅटिक' फोल्डरात टाकली की जशीच्या तशी बाहेर येतात. नवी नोंद म्हणजे मार्कडाउनची (साध्या खुणांच्या मजकुराची) एक फाइल. शेवटी सर्व्हरवर जातं ते साधं एचटीएमएलच.

अर्धविराम
ते सगळं खरं, पण ती मार्कडाउनची फाइल करणार कोण? ताई की मी? मी असेन तर व्हॉट्सॅप काय वाईट होतं?

खडूफळा
त्यासाठी डेकॅप सीएमएस आहे (२०२३ पर्यंत नाव नेटलिफाय सीएमएस). 'अ‍ॅडमिन' फोल्डरात दोन फाइली, की ब्राउझरात लिहायची खिडकी तयार. ताई लिहितील, 'प्रकाशित करा' दाबतील, मजकूर गिटमध्ये (फाइलींचा सगळा इतिहास जपणाऱ्या साठ्यात) जाईल, तिथे साइट पुन्हा बांधली जाईल आणि वर चढेल.

घरचा_आयटीवाला
हे 'जाईल', 'बांधली जाईल', 'चढेल' ऐकायला गोड आहे. यातली एक कडी तुटली की काय होतं ते कोणी सांगत नाही. ताईंना 'प्रकाशित झालं' असं दिसतं, साइटवर काहीच येत नाही, आणि चूक कुठे आहे ते बिल्डच्या (साइट बांधण्याच्या) नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये, जो ताई आयुष्यात उघडणार नाहीत. फोन तुम्हालाच येणार.

आणि फोटो? बागेचा ब्लॉग आहे, फोटो येणारच. फोनमधून थेट चार-पाच एमबीचे. वर्डप्रेस त्याचे लहान-मोठे आकार आपोआप करतं, आणि २०१९ च्या ५.३ आवृत्तीपासून अवाढव्य फोटो २५६० पिक्सेलवर आणून ठेवतं. तुमच्या गिटमध्ये मात्र तो पाच एमबीचा फोटो इतिहासात कायमचा बसतो. नंतर फाइल काढून टाकली तरी.

राहिला हल्ल्याचा मुद्दा. किरकोळ सुरक्षा-आवृत्त्या वर्डप्रेस २०१३ पासून (३.७) स्वतःहून चढवतं, प्लगिनांसाठीही ती सोय २०२० मध्ये (५.५) आली. दीड वर्ष जुनं प्लगिन हा दोष वर्डप्रेसचा की सांभाळणाऱ्याचा?

खडूफळा
सांभाळणाऱ्याचाच. मी तेच म्हणतोय की! सांभाळावं लागू नये असं काही असताना सांभाळायचं कशाला? आणि प्लगिन बनवणाऱ्यानेच ते वाऱ्यावर सोडलं असेल, तर आपोआप चढवायला नवी आवृत्ती येणार कुठून?

जुनेजाणते
हे भांडण नवीन नाही, म्हणून चार ओळी. २००१ मध्ये मूव्हेबल टाइप हे ब्लॉगचं सॉफ्टवेअर आलं, ते नेमकं हेच करायचं. ब्राउझरात लिहा, बटण दाबा, सर्व्हर स्थिर पानं बनवून ठेवणार. ब्लॉगरसुद्धा (गूगलची ब्लॉगसेवा) तुमच्या स्वतःच्या सर्व्हरवर एफटीपीने (फाइली पाठवायची जुनी पद्धत) पानं चढवायचं, ती सोय गूगलने मे २०१० मध्ये बंद केली. अर्धविराम यांना आज जे हवंय ते तेव्हा फुकटात मिळत होतं.

लोक का गेले? मूव्हेबल टाइपमध्ये साच्यात एक ओळ बदलली की सगळी पानं नव्याने बांधायची, नोंदी शेकड्यात गेल्या की चहा पिऊन यावं लागे. त्यात २००४ मध्ये त्यांनी परवान्याचे नियम बदलले, माणसं चिडली आणि नुकत्याच (२००३) आलेल्या वर्डप्रेसकडे वळली. तिथे बांधणं हा प्रकारच नाही, पान मागेल त्याला त्या क्षणी तयार होतं. आता यंत्रं वेगवान झाली, ह्यूगोला शेकडो पानं बांधायला सेकंदही पुरतात, म्हणून स्थिर पानांचे दिवस परत आले. लिहिणाऱ्याची खिडकी मात्र तेव्हा जास्त सोपी होती, हे मी छातीठोकपणे सांगतो.

सहज_सुचलं
ब्लॉगरवरच ब्लॉग काढून उपडोमेन ('ब्लॉग.तुमचीसाइट' असा पत्ता) जोडा की. सुरक्षा गूगलची, खर्च शून्य, दहा मिनिटांचं काम.

घरचा_आयटीवाला
जमेल, पण उपडोमेनच, साइटच्या आतल्या फोल्डरात नाही. रूपही वेगळं दिसणार. आणि एफटीपीचं काय झालं ते वर जुनेजाणतेंनी लिहिलंच आहे. घर भाड्याचं आहे हे लक्षात ठेवून राहायला हरकत नाही.

तळटीप
दोन्ही बाजू एक गोष्ट विसरताहेत, ती म्हणजे मेनू. चौदा पानांच्या डोक्यावर चौदा वेळा चिकटवलेला मेनू आहे ना? आता वर्डप्रेसच्या थीममध्ये पंधरावा येईल. उद्या 'कार्यशाळा' नावाचं पान वाढवलं की पंधरा ठिकाणी बदल. आधी मेनू वेगळ्या फाइलीत काढा. पीएचपी येणारच असेल तर एका ओळीचं इन्क्लूड (दुसरी फाइल पानात ओढणारा हुकूम) पुरे, थीमलाही तीच फाइल वाचायला लावा. जुन्या पानांचे पत्ते मात्र बदलू नका, डॉट एचटीएमएल असतील तर तसेच ठेवा.

दुसरं, मराठी शीर्षकं. वर्डप्रेस शीर्षकावरून पत्ता बनवतं तेव्हा देवनागरीचं एकेक चिन्ह टक्केवारीच्या खुणांत (%E0%A4%AE असं) नऊ अक्षरांचं होतं, आणि पत्त्याच्या रकान्यात जागा २०० अक्षरांची. म्हणजे बावीस चिन्हं, त्यात काना-मात्रा-वेलांटीही वेगळी मोजायची. 'जास्वंदीच्या पानांवरचा मावा' हे शीर्षक 'मावा'च्या 'म'वरच तुटतं. नोंद उघडते व्यवस्थित, पण दुवा कुणाला पाठवला की टक्क्यांची माळ दिसते. ताईंना रोमन लिपीत छोटा पत्ता हाताने लिहायची सवय लावा.

खडूफळा
बघा, 'सोपं' म्हणता म्हणता ताईंना पत्ते लिहायला बसवलं!

अर्धविराम
रविवारी ताईला दोन्ही चाचणीसाठी दिलं. मी शेजारी बसलो, बोललो नाही.

डेकॅपने आधी गिटहबचं (गिटचा साठा ठेवणाऱ्या सेवेचं) खातं मागितलं. त्याच्या चिन्हावर मांजर, तेव्हा 'हे मांजर कोणाचं?' इथपासून सुरुवात. खातं मी काढून दिलं, तिने छान लिहिलं, प्रकाशित केलं, लगेच साइट उघडली. नोंद नाही. दीड मिनिटाने आली, पण तोपर्यंत तिने तीच नोंद आणखी दोनदा प्रकाशित केली होती. वर्डप्रेसवर फोनमधून तीन फोटो आणि दोन परिच्छेद, वीस मिनिटांत. एकदा फोटो आडवा आला, तो तिचा तिने सरळ केला. मला विचारलंही नाही.

तेव्हा वर्डप्रेसच. पण खडूफळा यांचा किस्सा वाचून झोप उडाली होती, म्हणून ब्लॉगसाठी वेगळं होस्टिंग खातं आणि उपडोमेन घेतोय, फोल्डर नाही. घुसले तरी चौदा पानं वाचतील. प्रतिक्रिया बंद, प्लगिन फक्त बॅकअपचं. मुख्य पानावर ताज्या तीन नोंदींची शीर्षकं वर्डप्रेसच्या रेस्ट एपीआयमधून (दुसऱ्या साइटला मजकूर देणाऱ्या खिडकीतून) येतील, जावास्क्रिप्टच्या दहाएक ओळी झाल्या. तळटीप, मेनू वेगळा काढला, पण उपडोमेनवरची थीम ती फाइल वाचू शकत नाही, तेवढा एक जुळा राहिला.

खडूफळा
वेगळं खातं हे उत्तम केलंत. बाकी माझं मत कायम. बॅकअप त्याच खात्यात ठेवताय का?

अर्धविराम
...हो. आज रात्री हलवतो.