अनुभव धागा : मुलाकडे पाहायला आपण कधी शिकलो?

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि बालवाडीपर्यंत न पोचणाऱ्या मुलांसाठी त्यांच्या अंगणातच वर्ग भरवले. मुले का येत नाहीत हे त्यांनी आधी पाहिले आणि पद्धत त्यानंतर ठरवली. आज सातारा-सांगलीतील सेविकांना आणि शिक्षिकांना मासिक सभांतून, तसेच २०२३ मध्ये सुरू झालेल्या ‘पोषण भी पढाई भी’ या अंगणवाड्यांसाठीच्या सरकारी उपक्रमाच्या प्रशिक्षणांतून बरेच काही मिळते. मुलाच्या वागण्याचा अर्थ लावण्याचे कौशल्य मात्र मुलांमध्ये बसूनच कमवावे लागते, असे मला वाटते. आपण ते कोणत्या प्रसंगातून, कोणत्या चुकीनंतर शिकलात, हे सविस्तर लिहावे. मुलांची व गावांची नावे कृपया टाळावीत.

अंगणवाडी सेविका, जत तालुका

आमच्या भागात अनेक घरांत कन्नड बोलली जाते. चार वर्षांची एक मुलगी दोन महिने माझ्याकडे एक शब्दही बोलली नाही, म्हणून तिच्या नोंदीत मी ‘भाषाविकास कमी’ असे लिहून मोकळी झाले होते. एके दिवशी मदतनीस ताई तिला पाणी देताना सहज ‘नीर’ म्हणाल्या, आणि त्या मुलीने आपल्या शेळीला दोन पिल्ले झाल्याची सगळी हकिकत त्यांना कन्नडमध्ये, हातवारे करून सांगितली. मी दारात उभी राहून ऐकत होते आणि मला त्यातले काहीच कळत नव्हते. दोन महिने तिची अवस्था हीच असणार, हे मला त्या क्षणी समजले.

मी ती नोंद खोडली आणि लिहिले : ‘माझ्याशी मराठीत बोलत नाही, मदतनीस ताईंशी कन्नडमध्ये सलग चार-पाच वाक्ये बोलते.’ खोडलेली नोंद माझा निकाल होता, नव्या नोंदीत मी पाहिलेले आहे. हा फरक प्रशिक्षणात मी अनेकदा ऐकला होता, पण तो कळला त्या दिवशी. तेव्हापासून मी मदतनीस ताईंकडून रोज थोडे शब्द शिकते, चित्र दाखवताना दोन्ही नावे घेते आणि गोष्टीसाठी एखाद्या आजींना बोलावते. दिवाळीनंतर ती मुलगी मला मराठीत सांगू लागली. मधेच कन्नड शब्द येतो, तो मी दुरुस्त करत नाही.

बालवाडी शिक्षिका, सांगली शहर

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर वर्गातला चिखल काढून आम्ही बालवाडी पुन्हा सुरू केली, तेव्हा मुले ठोकळ्यांचा एकच खेळ खेळू लागली. एक जण ठोकळ्यावर ठोकळा चढवी, दुसरा ‘चाळीस... पंचेचाळीस!’ असे ओरडे आणि सगळी मिळून बाहुल्या बाकावर नेऊन ठेवत. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाण्याची ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट ही धोका पातळी, हे आकडे त्या दिवसांत घरोघरी बोलले जात होते. मुलांनी ते तिथूनच उचलले होते.

भीती वाढेल या काळजीने मी तीन दिवस तो खेळ थांबवला आणि बडबडगीते घेतली. मुले गात होती, पण एक मुलगी बाहुली घेऊन बाकाखाली जाऊन बसू लागली. निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ बाईंना मी विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, “खेळ मोडू नका. त्याचा शेवट मुलं कसा करतात, ते बघा.” मी ठोकळे परत दिले, जवळ एक घमेले आणि जुनी फडकी ठेवली आणि एवढेच विचारले, “बाहुल्यांना वर काय काय लागेल?” कोणी दूध आणले, कोणी पांघरूण. सुमारे दोन आठवडे बाहुल्या बाकावरच होत्या. मग एका मुलाने “उतरलं पाणी” असे जाहीर केले आणि फडके घेऊन तो जमीन पुसू लागला.

बाकाखालच्या मुलीला एवढे पुरले नाही. घरीही ती रात्री दचकून उठत होती. तिच्या आईशी बोलून आम्ही तिला डॉक्टरांकडे पाठवले. आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, हे वेळेवर ओळखणे हाही या कामाचाच भाग आहे.

मदतनीस, जावळी तालुका

नवीन मूल रडत आले की मी त्याला लगेच उचलून घेत नाही. त्याच्याशेजारी बसून वाटाणे सोलते. थोड्या वेळाने त्याचा हात ताटात येतो.

अंगणवाडी सेविका, माण तालुका

दंडाचा घेर मोजण्याची पट्टी मी पहिल्या वर्षीच शिकले : ११.५ सेंटिमीटरच्या खाली तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या दरम्यान मध्यम, म्हणजे पट्टीवरचा पिवळा भाग. पट्टी पिवळी आल्यावर आईशी कसे बोलावे, हे शिकायला पुढची चार वर्षे गेली. एकदा मी सर्वांसमोर “बाळ पिवळ्यात आहे” असे म्हणाले आणि ती आई पुढचे दोन महिने आलीच नाही. आता मोजमाप झाल्यावर मी घरी जाते, बाळ जेवत असताना शेजारी बसते आणि ते कोण भरवते, किती वेळा भरवते, हे पाहते. एका घरी आई पहाटेच मजुरीला जात होती आणि बाळाला सहा वर्षांची बहीण भरवत होती. त्या घरी सल्ला आईला देऊन उपयोग नव्हता; मी आजीशी बोलले, आणि बहिणीला अंगणवाडीत बसवून वाटी-चमच्याने भरवायला शिकवले.

पर्यवेक्षिका, तासगाव तालुका

मी पूर्वी केंद्रावर पोचताच रजिस्टर मागत असे. आता पहिली पंधरा मिनिटे भिंतीला टेकून बसते. मागच्या भेटीत एक मुलगा चिंचोक्यांचे पाच-पाचचे ढीग करत होता, आणि प्रत्येक ढिगातला एक चिंचोका शेजारच्या लहान बहिणीपुढे सरकवत होता. त्याच्या नोंदीत ‘अंक ओळखत नाही’ असे लिहिले होते. सेविका ताईंना मी काही न बोलता माझ्याशेजारी बसवले, आणि आम्ही दोघींनी मिळून ते ढीग मोजले.