शार्क मारले म्हणून शिंपले संपले? इतकं सोपं नाही

(बडोद्याच्या ग्रुपवरची चर्चा; बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या भागांवरून)

मांजलपूर: काल इथे पोस्ट फिरत होती : 'शार्क मारले म्हणून पाकट हे चपटे मासे वाढले, पाकटांनी शिंपले फस्त केले. शिकारी प्राणी वाचवा, शिंपले आपोआप वाचतील.' आणि खाली सगळे 'अगदी खरं'! अहो, अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिनाच्या किनाऱ्यावरची ही गोष्ट 2007 साली गाजली, पण 2016 मध्ये दुसऱ्या संशोधकांनी तिचा एकेक सांधा तपासला. गोष्टीतल्या काउनोज जातीच्या पाकटाची मादी सात-आठ वर्षांनी वयात येते आणि वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते. इतक्या झपाट्यानं वाढणार कुठून? तोवर 'पाकट खा, खाडी वाचवा' म्हणत तिथल्याच चेसापीक खाडीत त्यांची कत्तलही सुरू झाली होती. अर्धवट गोष्टीपायी जीव जातात, त्याचा मला राग आहे.

दांडिया बाजार: एक साखळी तुटली म्हणून सगळ्याच खोट्या का? रॉबर्ट पेन या जीवशास्त्रज्ञानं अमेरिकेच्याच पश्चिम किनाऱ्यावर खडकावरचे तारामासे काढत राहून पाहिलं. शिणाण्यांनी, म्हणजे खडकाला चिकटणाऱ्या शिंपल्यांनी, खडक व्यापला, 15 जातींच्या 8 उरल्या. हे 1966 सालचं आहे, फॉरवर्ड नव्हे.

मांजलपूर: तिथे तारामासा थेट शिणाणे खातो. इथे मधे पाकट आहे. मधली पायरी सिद्ध करा, मग बोला.

कारेलीबाग: शिकारी वाचवा म्हणणाऱ्यांनी ऑगस्ट 2024 मध्ये आमच्याकडे यायला हवं होतं. विश्वामित्री नदीच्या पुराचं पाणी ओसरलं आणि जिन्याखाली चिखलात मगर! शेपटी हलली तेव्हा कळलं. सासूबाई दोन पायऱ्या वर होत्या.

दांडिया बाजार: ताई, मगर तुमच्या घरी आली नाही. नदीच्या पसरायच्या जागेत आपण भराव टाकून बंगले बांधले.

कारेलीबाग: 'आपण' कोण? आम्ही कर्ज काढून फ्लॅट घेतला, भराव टाकणारे वेगळे. तुमच्या दुसऱ्या मजल्यावरून बोलणं सोपं आहे.

वाडी: माझे आजोबा त्याच नदीकाठी मगरी बघत मोठे झाले. घाण पाणी सोडलं आपण, काठ कोरले आपण, आणि हाकलायचं मात्र मगरीला?

कारेलीबाग: आजोबांच्या जिन्याखाली नव्हती ना!

सयाजीगंज: मगर थोडी बाजूला ठेवा. मांजलपूर, तुम्हाला मधली पायरी हवी ना? नॉर्थ कॅरोलिनातच कालवांच्या खडकांवर टोडफिश हा खेकडे खाणारा मासा असला की कालवाची पिल्लं खाणारे चिखलखेकडे कपारीत दबून बसतात, खायला बाहेर पडत नाहीत. खेकडा मेला नाही तरी कालवाची पिल्लं वाचतात. 'कोणी किती खाल्लं' एवढंच मोजणाऱ्याला ही भीती दिसतच नाही.

मांजलपूर: टोडफिशचं मान्य, कारण तिथे प्रयोग झालेत. शार्कच्या पोस्टमागे तसा आधार नाही, ते मागे घेणार नाही.

दांडिया बाजार: पाकटांचं तुमचं बरोबर, चला. पण 'शिकारी वाचवा' यात चूक काय, ते अजून सांगितलं नाहीत.

कारेलीबाग: आणि यंदा पाऊस झाला की मगर कोण उचलणार, तेही कुणी सांगितलं नाही.