अमेरिकेतल्या देवळाचं बोलावणं: आधी आर-१ की थेट ग्रीन कार्ड?

गुहागरी_याज्ञिक
नमस्कार मंडळी. गुहागर तालुक्यात राहतो, भिक्षुकी करतो. गावातल्या गणपतीच्या देवळाची नित्यपूजा आमच्या घराकडे, शिवाय पंचक्रोशीत वास्तुशांत, लघुरुद्र, लग्नंमुंजी. न्यू जर्सीतल्या एका देवळाने पुजारी म्हणून बोलावलंय. त्यांचं म्हणणं, आधी आर-१ व्हिसावर (धार्मिक कामासाठीचा तात्पुरता व्हिसा) या, ईबी-४ मधून (पुजाऱ्यांसारख्या खास लोकांचा वर्ग) ग्रीन कार्डाचं, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचं, नंतर बघू. इकडे एक एजंट मागे लागलाय : 'आर-१ कशाला गुरुजी, डायरेक्ट ग्रीन कार्ड करून देतो, निम्मे पैसे आधी द्या.'

ग्रीन कार्डाला आधीच्या दोन वर्षांच्या सलग धार्मिक कामाचा पुरावा लागतो म्हणे. आमची दक्षिणा रोख, वर तांदूळ नि नारळ. पगाराची स्लिप आणू कुठून? थोडी हापूसची कलमंही आहेत, त्याची अडचण होईल का? सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, मुलगी दुसरीत. आणखी एक घोळ : माझा जन्म आजोळी, संगमेश्वराकडचा. तिथल्या ग्रामपंचायतीच्या वहीत नाव नाही, नुसतं 'मुलगा' लिहिलंय.

दापोलीकर_एडिसन
गुरुजी, नमस्कार. मी याच वाटेने आलो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी आर-१ च घ्या. त्याला दोन वर्षं त्या धर्मसंप्रदायाचे असल्याचा पुरावा लागतो, दोन वर्षांच्या कामाचा नाही. ते तुमच्या बाबतीत कोण नाकारणार? पाठशाळेचं प्रमाणपत्र मात्र जपून ठेवा, पुजारी म्हणून अधिकार आहे हे त्यावरून ठरतं. मग इथे पगारावर काम सुरू झालं की दोन वर्षांत पगाराचे आणि कराचे कागद आपसूक जमतात. दक्षिणेचा हिशेब सोडवत बसायला नको.

दोन वर्षं भरली की देवळाला आय-३६०, म्हणजे ईबी-४ ग्रीन कार्डाचा पहिला अर्ज, लगेच भरायला लावा. इथे देवळं चालढकल करतात. कमिटी बदलते, जुन्या खजिनदाराने दिलेला शब्द नवा मानत नाही. आर-१ ची एकूण मुदत पाच वर्षं (पहिल्यांदा अडीचच मिळतात), ती संपली की बाहेर पडावंच लागतं. आणि ईबी-४ ची रांग लांब आहे. रोजगारावर आधारित ग्रीन कार्डांचा वर्षाचा मूळ कोटा १,४०,०००, त्यातला ७.१ टक्के या वर्गाला, म्हणजे दहा हजारांच्या आतच. त्यातच अनाथ किंवा आईबापांनी टाकलेली मुलं, अमेरिकी सरकारचे परदेशातले जुने नोकर असे बाकीचेही येतात. २०२५ मध्ये तर फेब्रुवारी संपता संपताच त्या आर्थिक वर्षाचे व्हिसे संपले, पुढचे थेट १ ऑक्टोबरनंतर. रांगेतली जागा अर्ज भरल्या तारखेवरून ठरते, म्हणून घाई.

नेमणूकपत्रात काय लिहितात ते डोळ्यांत तेल घालून वाचा. 'पुजारी' असंच हवं. प्रसादाचा स्वयंपाक करणारे, भजनी, इतर सेवेकरी यांचा पोटवर्ग वेगळा : त्यांना वर्षाला ५,००० ची मर्यादा, शिवाय ती तरतूद काही काळापुरती असते, इथली संसद दर खेपेला मुदत वाढवते. पुजाऱ्यांना ती टांगती तलवार नाही. ग्रीन कार्डासाठी काम पूर्णवेळ लागतं, आठवड्याला सरासरी निदान ३५ तास. इमिग्रेशन खात्याचे तपासनीस कधीकधी थेट देवळात येऊन बघून जातात. आमच्याकडे आले तेव्हा मी सोवळ्यात अभिषेकाला बसलो होतो. कमिटीवाल्यांची धांदल उडाली, तो मात्र शांतपणे चपला काढून आत आला.

कलमांचं उत्पन्न लपवू नका, विचारलं तर सरळ सांगा.

मालवणी_माणूस
त्या एजंटाक एक पैसो देव नको! देऊळ खरा धर्मादाय असल्याचो कागद देवळानच देवचो, सही थयच्या पदाधिकाऱ्याची. एजंट ह्यात खय बसता? आमच्या वाडीतलो एक असोच गंडलो, आज फोन पण उचलत नाय तो.

हर्णैची_सून
सौ.चा विचार कुणीच केला नाही, म्हणून लिहिते. आर-१ वाल्याच्या बायकोला आर-२ मिळतो आणि आर-२ वर नोकरी करता येत नाही. मीही बँकेतली नोकरी सोडून आले आणि दुसऱ्यांच्या घरचे उकडीचे मोदक बिनपगारी वळत राहिले, कारण 'गुरुजींच्या घरून आलेत' याचं लोकांना कौतुक. त्यांनी राजीनामा देऊ नये. असाधारण रजा मिळते का ते आधी विचारावं. ग्रीन कार्ड झालं की त्यांनाही मिळतं, मग कुठेही काम करता येतं, पण मधली वर्षं घरातच जातात.

गुहागरी_याज्ञिक
सर्वांचे आभार. रजेचं मला सुचलंच नव्हतं. सौ.ने ते उत्तर दोनदा वाचलं आणि आता माझ्याशी मोजकंच बोलते आहे. जन्मनोंदीचं काय करू?

दापोलीकर_एडिसन
आजोळच्या ग्रामपंचायतीत अर्ज देऊन नाव आता चढवता येतं का बघा, शाळा सोडल्याचा दाखला जोडा. १ एप्रिल १९७० नंतरच्या जन्माला नोंदणीचाच दाखला मागतात, नुसत्या प्रतिज्ञापत्रावर निभावत नाही. आईचं नाव माहेरचं लागलंय की सासरचं तेही तिथेच बघून घ्या. गणपतीच्या आत उरका, नंतर ग्रामसेवक सापडायचा नाही आणि तुम्हीही.