विस्लांडरचं ऑलिंपिक सुवर्ण

स्वीडनचा हँडबॉलपटू माग्नुस विस्लांडर याला शतकातला सर्वोत्तम हँडबॉलपटू म्हटलं जातं, त्यावर कुणीतरी म्हणतं, ‘ऑलिंपिक सुवर्ण नाही, मग शतकातला सर्वोत्तम कसा?’ प्रश्न रास्त आहे. विस्लांडरच्या स्वीडनने 1992, 1996 आणि 2000 अशा सलग तीन अंतिम लढती गमावल्या. तिन्ही वेळा रौप्य! पण 1990 आणि 1999चं विश्वविजेतेपद, शिवाय चार युरोपीय अजिंक्यपदं कुठे जातात? मला तर त्याचा जागाबदल जास्त भावतो. आधी लांबून गोल मारणारा हा गडी पुढे पिव्हट झाला, म्हणजे थेट बचावफळीच्या गर्दीत धक्के खायला. जर्मनीच्या कील क्लबकडून तो तब्बल बारा वर्षं खेळला. 2002मध्ये स्टॉकहोमला युरोपीय अंतिम लढतीत स्वीडनने जर्मनीलाच जादा वेळेत हरवलं, तेव्हा स्वारी अडतिशीला टेकली होती.