मदत हवी आहे : १९५२ पासूनचे पुण्याचे खासदार – यादी जुळत नाहीये (आणि आजी ऐकत नाहीये)

नमस्कार मंडळी,

आमच्या गणेश मंडळाचं हे अमृतमहोत्सवी वर्ष. स्मरणिकेत जाहिरातींच्या मधे 'काहीतरी वाचण्यासारखं' हवं म्हणून एक पान माझ्या गळ्यात पडलंय : पहिल्या निवडणुकीपासूनचे पुण्याचे खासदार. संध्याकाळभरात उरकेल असं वाटलं होतं. तीन आठवडे झाले, पान कोरंच आहे आणि घरात रोज वाद.

आतापर्यंत जमलेलं सांगते. १९५२ ला काकासाहेब गाडगीळ. १९५७ ला संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेत प्रजासमाजवादी पक्षाचे नानासाहेब गोरे, तेही खुद्द काकासाहेबांना हरवून. १९६२ ला काँग्रेसचे शंकरराव मोरे, १९६७ ला एसेम जोशी, १९७१ आणि १९७७ मोहन धारिया. मग १९८०, ८४, ८९ असे तीनदा विठ्ठलराव गाडगीळ, म्हणजे काकासाहेबांचे चिरंजीव. १९९१ ला अण्णा जोशींनी भाजपला पहिल्यांदा ही जागा मिळवून दिली. पुढे कलमाडी, तुपे, रावत, पुन्हा दोनदा कलमाडी, शिरोळे, बापट आणि आता मोहोळ.

आता घोळ.

पहिला घोळ आजीचा. आजीला शहाण्णव पूर्ण झाली. ती ठामपणे सांगते की पहिल्या निवडणुकीत तिनं एका बाईंना मत दिलं आणि त्या बाई निवडूनही आल्या. काका म्हणतात, आईचं वय झालंय, पुण्याचे खासदार गाडगीळच. वर आजी असंही म्हणते की शिक्का वगैरे काही मारला नाही, कागद घेतला आणि बैलजोडीच्या (म्हणजे तेव्हाच्या काँग्रेसच्या चिन्हाच्या) पेटीत टाकला. यावर तर काका हसलेच. "पक्षाची वेगळी पेटी? मग गुप्त मतदान कसलं!" आजी दोन दिवस त्यांच्याशी बोलत नव्हती. (तेव्हा त्यांचं बिऱ्हाड पेठेत नव्हतं, इथे ते ५४ साली आले. याचा काही संबंध असेल तर सांगा.)

दुसरा : निवडणूक आयोगाच्या अहवालात १९७७ ला धारियांपुढे भारतीय लोकदल दिसतंय. बाबा म्हणतात, मी स्वतः जनता पक्षाच्या सभांना सतरंज्या उचलल्यात, लोकदल कुठून आलं?

तिसरा : १९९८ ला कलमाडी नक्की कोणाकडून उभे होते? बाबा म्हणतात अपक्ष, काका म्हणतात भाजप. दोघंही पैज लावायला तयार आहेत.

पान शुक्रवारी छपाईला जातंय. जाणकारांनी कृपया मदत करा.

रद्दीतलं_सोनं :
आजींना आधी साष्टांग नमस्कार सांगा. दोन्ही बाबतींत त्या बरोबर आहेत.

१९५२ ला 'पुणे' नावाचा एकच मतदारसंघ नव्हता. पुणे मध्य आणि पुणे दक्षिण असे दोन होते. मध्यमधून काकासाहेब निवडून आले, दक्षिणमधून काँग्रेसच्याच इंदिराबाई मायदेव. त्यामुळे तुमच्या पानावर पहिल्याच ओळीत एक नाव कमी आहे. ५७ ला एकच पुणे उरलं म्हणून पुढच्या याद्यांत बाई गळतात.

पेटीचंही खरं आहे. पहिल्या दोन्ही निवडणुकांत उमेदवारागणिक वेगळी पेटी असे आणि पेटीवर त्याचं चिन्ह चिकटवलेलं असे. मतपत्रिकेवर ना नाव ना चिन्ह. पेट्या आडोशामागे ठेवलेल्या, मतदार आत एकटा जायचा आणि कागद हव्या त्या पेटीत टाकायचा. गुप्तता आडोशाची होती, कागदाची नव्हे. शिक्का मारायची पद्धत नंतर रुळली. काकांना माफी मागायला लावा.

नाक्यावरचा_चहा :
बैलजोडीवरून मात्र काही सिद्ध होत नाही हां. गाडगीळ आणि मायदेव, दोघंही बैलजोडीच. बाई होत्या एवढाच पुरावा, पण तो पुरेसा आहे.

७७ चं सोपं आहे. आणीबाणी उठत असताना चार पक्ष घाईघाईत एकत्र आले, तेव्हा जनता पक्षाला स्वतःचं मान्य चिन्ह नव्हतं. बहुतेक उमेदवार लोकदलाच्या नांगरधारी शेतकऱ्यावर लढले, म्हणून आयोगाच्या कागदावर लोकदल. बाबांच्या सतरंज्या जनता पक्षाच्याच. स्मरणिकेत जनता पक्ष लिहा, हवं तर कंसात चिन्ह द्या. धारियांची गंमत अशी की ७१ ला काँग्रेसचं गाय-वासरू आणि ७७ ला नांगरधारी, माणूस तोच. सरकारविरुद्ध आंदोलन करणाऱ्या जयप्रकाश नारायणांशी बोला असं म्हटल्यावर ७५ च्या मार्चमध्ये इंदिरा गांधींनी त्यांना मंत्रिमंडळातून काढलं. जनता सरकारात ते वाणिज्यमंत्री झाले.

जुन्या माणसांना पक्ष विचारू नका, चिन्ह विचारा. पक्षांची नावं विसरतात, प्रजासमाजवादीची झोपडी विसरत नाहीत.

हडपसरकर :
९८ चं मी सांगतो. कलमाडी काँग्रेसमधून बाहेर पडून अपक्ष उभे होते आणि भाजप-शिवसेना युतीनं त्यांना पाठिंबा दिला होता. म्हणजे बाबा कागदावर जिंकले, काका प्रचारात. निवडून आले काँग्रेसचे विठ्ठल तुपे. पुढच्याच वर्षी काँग्रेस आणि राष्ट्रवादी वेगवेगळे लढले आणि भाजपचे प्रदीप रावत आले. २००४ ला कलमाडी पुन्हा काँग्रेसकडून. आठ वर्षांत एवढ्या उड्या मी फक्त आमच्या शाळेच्या क्रीडामहोत्सवात पाहिल्यात.

एक विनंती. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेनंतर हडपसर विधानसभा शिरूर लोकसभेत आणि खडकवासला बारामतीत आहे. पुण्यात उरले वडगाव शेरी, शिवाजीनगर, कोथरूड, पर्वती, कॅन्टोन्मेंट आणि कसबा. तुमचे निम्मे वर्गणीदार आता धायरीला राहायला गेले असतील, त्यांचा खासदार वेगळाच आहे. तळटीप टाका, नाहीतर मिरवणुकीत ऐकून घ्यावं लागेल. आम्ही महापालिकेची पाणीपट्टी भरतो आणि पुण्याच्या खासदाराला मत देऊ शकत नाही, हे दुखणं वेगळंच.

कसब्याची_कन्या :
२०२३-२४ रिकामं दाखवा. २९ मार्च २०२३ ला गिरीश बापट गेले, त्यानंतर वर्षाहून जास्त काळ पुण्याला खासदारच नव्हता. पोटनिवडणूक घ्या असं मुंबई उच्च न्यायालयानं डिसेंबरमध्ये सांगितलं, जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाची स्थगिती आली आणि मग थेट मे २०२४ ची निवडणूक. भाजपचे मोहोळ १,२३,०३८ मतांनी आले. त्यांच्यासमोरच्या काँग्रेसच्या धंगेकरांनी त्याआधी वर्षभर कसब्याची विधानसभा पोटनिवडणूक मारली होती, म्हणून आमच्याकडे सगळ्यांना चुरस वाटत होती. झाली नाही फारशी.

आणि हो, बापट १९९६ ला कलमाडींकडून हरले होते. खासदार व्हायला त्यांना २०१९ उजाडावं लागलं. कसब्याची आमदारकी मात्र १९९५ पासून पाच वेळा.

रद्दीतलं_सोनं :
आणखी एक. शंकरराव मोरेंपुढे नुसतं 'काँग्रेस' लिहून सोडू नका. शेतकरी कामगार पक्ष काढणाऱ्यांपैकी ते एक, ५२ ला सोलापूरहून शेकापचे खासदार होते. सलग तीनदा निवडून आलेले मात्र एकटे विठ्ठलराव. बालेकिल्ला बालेकिल्ला म्हणतात, पण यादी बघा, ५७ ते ७१ दर वेळी पक्ष बदललाय.

पुणे दक्षिणच्या सीमा हव्या असतील तर गोखले इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयात जुने परिसीमन आदेश विचारा. त्या काळची वर्तमानपत्रं केसरी-मराठा ग्रंथालयात बघा. शुक्रवारपर्यंत जमेल असं नाही.

धागाकर्ती :
सगळ्यांचे मनापासून आभार! पहिल्या ओळीत दोन नावं, २०२३-२४ रिकामं, हडपसरसाठी तळटीप. खजिनदारांची एकच अट आली : जाहिरातदार सगळ्या पक्षांचे आहेत, तेव्हा फोटो एकाच मापाचे हवेत. रिकाम्या वर्षालाही चौकट ठेवायची का, यावर बैठक आहे.

काकांनी आजीसमोर कान धरले. आजीनं इंदिराबाईंचं नाव ऐकलं आणि "हां, मायदेव, मायदेव" करत बसली. मग मी सहज विचारलं, ५७ ला कोणती पेटी? आमचे आजोबा पक्के काँग्रेसवाले, रोज टोपीला इस्त्री. आजीनं दार लोटायला सांगितलं आणि म्हणाली, "झोपडी. तुझ्या आजोबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही."

स्मरणिकेत घालू का म्हटलं, तर म्हणे, पान भरत नसेल तर घाल.