मुलाच्या गालावर पांढरट डाग, जंत समजू की कोड? मदत हवी आहे

पेरूची_फोड

नमस्कार मंडळी. मुलगा ७ वर्षांचा आहे, दुसरीत. सुट्टीत दिवसभर उन्हात क्रिकेट खेळून खेळून पार काळा पडला आणि मग लक्षात आलं की दोन्ही गालांवर आणि हनुवटीजवळ फिकट पांढरट डाग आहेत. रुपयाच्या नाण्याएवढे, एक जरा मोठा. हात फिरवला की खरखरीत लागतात, खाज फारशी नाही, दुखत तर अजिबात नाही. त्याला स्वतःला काही पडलेली नाही, पण घरात प्रत्येकाचं निदान तयार आहे.

सासूबाई म्हणतात जंतच, दुसरं काही नाही, म्हणून रोज वावडिंगाचं पाणी चालू आहे. पण शाळेत जंतनाशक दिनाला गोळी दिली होती की, मग हे डाग का राहिले? शेजारच्या काकूंच्या मते कॅल्शियम कमी आहे. मेडिकलवाल्याने तर फोटो बघून लगेच ट्यूब काढून दिली, "लावा, आठ दिवसांत साफ", ती अजून फोडलेली नाही. नवऱ्याने रात्री मोबाईलवर कोडाचे फोटो बघत बसून स्वतःची झोप उडवून घेतली. आणि नणंद सगळ्यांसमोर म्हणाली की मुलगा आहे म्हणून बरं, मुलगी असती तर पुढे लग्नाला अडचण. काय बोलणार यावर, मी ताट उचलून आत गेले.

तर प्रश्न असे, की हे नक्की काय असू शकतं, बालरोगतज्ज्ञ गाठू की स्किनवाले, ती ट्यूब लावू का, आणि दूध नि मासे बंद करायचे असतात का? आम्ही कोकणातले, मासे बंद म्हणजे पोरगं जेवणारच नाही.

गवती_चहा

अगं घाबरू नकोस, सेम टू सेम माझ्या लेकीला होतं. आमच्या डॉक्टरांनी पिटिरियासिस अल्बा असं नाव सांगितलं, नाव ऐकून मीच हबकले, पण निघालं साधं. कोरड्या त्वचेचा प्रकार आहे म्हणाले. दिवसातून दोनदा मॉइश्चरायझर आणि चेहऱ्याला साबण कमी, बस. पण जायला वेळ लागला हं, हिवाळा गेला, उन्हाळा गेला, मग हळूहळू रंग सारखा झाला. मी मधेच वैतागून उटणं लावून घासायला लागले तर डॉक्टर ओरडले, घासल्याने आणखी कोरडं पडतं म्हणे.

आडवा_डोंगर

आमच्याकडे पण जंतच म्हणतात आणि गोळी दिल्यावर डाग गेलेले मी स्वतः पाहिलेत. जुने लोक उगाच नाही सांगत.

गवती_चहा

@आडवा_डोंगर अहो दादा, ते डाग तसेही काही महिन्यांनी जातातच ना, मग श्रेय गोळीला मिळतं. जंतांची गोळी वेळच्या वेळी द्यावीच, ते पोटासाठी. गालाचा काय संबंध?

चट्टामट्टा

मी त्वचारोगाचा डॉक्टर आहे, तालुक्याच्या ठिकाणी प्रॅक्टिस करतो. फोटो न बघता आणि बघूनसुद्धा इथे निदान करणार नाही, पण काय काय बघायचं ते सांगतो.

तुम्ही जे वर्णन केलंय, म्हणजे वय ७, गाल आणि हनुवटी, फिकट पण पांढराफटक नाही, वर बारीक कोंडा, ऊन लागल्यावर जास्त दिसायला लागलं, ते पिटिरियासिस अल्बाशी चांगलंच जुळतं. साधारण ३ ते १६ वयात होतो. हा सौम्य एक्झिमाच, म्हणजे इसबाचाच प्रकार समजा. ज्या मुलांना किंवा घरात कोणाला दमा, सर्दी-शिंकांची ॲलर्जी, कोरडी त्वचा असते त्यांच्यात जास्त दिसतो. सुरुवातीला डाग किंचित लालसर असतो, ते कुणाच्या लक्षात येत नाही, मग तिथला रंग कमी होतो. आजूबाजूची कातडी उन्हाने काळवंडते आणि डाग तेवढा काळवंडत नाही म्हणून सुट्टीनंतर अचानक उगवल्यासारखा वाटतो. जंत, कॅल्शियम यांचा संबंध नाही. हे मी रोज सांगतो आणि रोज कुणीतरी कॅल्शियमची बाटली दाखवतं.

कोडाचा डाग खडूसारखा पांढरा असतो, कड स्पष्ट, वर कोंडा नाही, कधी त्यावरचे केसही पांढरे होतात, आणि ओठ, डोळ्यांभोवती, बोटं, गुडघे अशा जागी जास्त येतो. आमच्याकडे वूड्स लॅम्प, म्हणजे अतिनील प्रकाशाचा दिवा असतो, अंधाऱ्या खोलीत त्याच्या प्रकाशात कोड ठळक चमकतं, अल्बा तसा चमकत नाही. दोन मिनिटांचं काम आहे. आणि समजा कोड निघालंच तरी ते संसर्गजन्य नाही, मुलांमध्ये लवकर उपचार सुरू केले तर चेहऱ्यावरचे डाग बऱ्याचदा भरून येतात. दूध-मासे एकत्र खाल्ल्याने कोड होतं हे खोटं आहे. मासे द्या.

तिसरं म्हणजे शिबं. ती यीस्टमुळे, म्हणजे एका प्रकारच्या बुरशीमुळे होतात, घाम येणाऱ्या मोठ्या मुलांना मान, छाती, पाठीवर जास्त, नखाने खरवडलं की पिठासारखं निघतं. त्याला अँटिफंगल, म्हणजे बुरशीवरचं औषध लागतं, मॉइश्चरायझरने जात नाहीत.

आणि एक गोष्ट जी कुणी बोलत नाही. फिकट डाग असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, घाम येत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यायची. चेहऱ्यावर, त्यातून लहान मुलात, घरी कापूस फिरवून नीट कळत नाही, म्हणून डॉक्टरनेच बघितलेलं बरं. महाराष्ट्रात मुलांमध्ये आजही केसेस सापडतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात एमडीटी, म्हणजे कुष्ठरोगावरची एकत्र द्यायची औषधं, फुकट मिळते, प्रकारानुसार ६ किंवा १२ महिने, आणि रोग पूर्ण बरा होतो. तुमच्या वर्णनावरून तसं वाटत नाही, पण धागा दुसरेही वाचतील म्हणून लिहिलं.

ट्यूबवर बारीक अक्षरात काय लिहिलंय ते इथे टाका.

पेरूची_फोड

डॉक्टर, खूप खूप आभार, निम्मं टेन्शन गेलं. ट्यूबवर क्लोबेटासॉल, नियोमायसिन, मायकोनाझोल असं लिहिलंय.

चट्टामट्टा

अजिबात लावू नका. परत करता आली तर करा, नाहीतर कचऱ्यात.

क्लोबेटासॉल हे सगळ्यात तीव्र स्टेरॉइड क्रीमपैकी एक. सोबत एक अँटिबायोटिक, एक अँटिफंगल, म्हणजे काहीही असलं तरी काहीतरी लागेल असा हिशोब. लहान मुलाच्या गालावर हे चोळत राहिलं तर कातडी पातळ होते, बारीक रक्तवाहिन्या दिसायला लागतात, लव वाढते, आणि गंमत म्हणजे स्टेरॉइडनेच आणखी पांढरे डाग पडतात. गजकर्णावर लावलं तर खाज तात्पुरती थांबते, बुरशी आतून पसरत राहते, आणि मग पेशंट आमच्याकडे येतो तेव्हा चट्ट्याची गोल कडही राहिलेली नसते, ओळखायचं कशावरून? देशभर गजकर्ण एवढं चिवट झालंय त्यात या ट्यूबांचा मोठा हात आहे. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी स्टेरॉइड क्रीम्स शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. विकली जातातच. नावाच्या शेवटी -सोन किंवा -सॉल दिसलं, म्हणजे बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, तर थांबून विचारा. प्रत्येक -सॉल स्टेरॉइड नसतं, पण विचारायला काय जातं.

सगळं स्टेरॉइड वाईट असंही नाही हं. डाग लालसर आणि खाजरा असेल तर आम्हीच १% हायड्रोकॉर्टिसोन हे सौम्य स्टेरॉइड थोडे दिवस देतो. फरक ताकदीचा आणि मुदतीचा आहे.

तोवर घरी कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ, चेहऱ्याला सौम्य साबण, आणि टॉवेलने टिपल्यावर कातडी ओलसर असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर. महागडं नको, साधी पेट्रोलियम जेली चालते, खोबरेल चालतं. उन्हात खेळायला जाताना टोपी आणि सनस्क्रीन, म्हणजे बाजूची कातडी काळवंडणार नाही आणि डाग कमी उठून दिसेल.

उंबरठा

धागाकर्तीची माफी मागून माझा प्रश्न इथेच घुसडते, वेगळा धागा काढत नाही. माझा मुलगा होस्टेलवरून आलाय, रात्री झोपू देत नाही इतकं खाजवतो, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, पोटावर बारीक पुळ्या. आता धाकटीलाही सुरू झालंय. उष्णता म्हणून सब्जा देतेय, फरक नाही.

चट्टामट्टा

उष्णता नाही हो ताई, ऐकून तरी खरूज वाटतेय. रात्री वाढणारी खाज, बेचके आणि घरात दुसऱ्यालाही सुरू, एवढं सांगितलं की जवळजवळ तेच असतं. दाखवून घ्या आणि परमेथ्रिन ५% (खरजेचे बारीक किडे मारणारं क्रीम) लिहून मिळालं तर असं लावा, घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री, खाज असो वा नसो. मानेपासून तळपायापर्यंत, बेचके, नखांच्या कडा, बेंबी, जांघा, काही सोडायचं नाही. दोन वर्षांखालच्या मुलांना डोकं-चेहऱ्यालाही, डोळे-तोंड सोडून. रात्रभर ठेवून सकाळी आंघोळ आणि आठवड्याने पुन्हा एकदा. नुसत्या पुळ्यांवर ठिपके ठिपके लावतात लोक आणि मग औषध चालत नाही म्हणतात.

कपडे, चादरी, टॉवेल कडकडीत गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवा. जे धुता येत नाही, गोधडी, मऊ खेळणी वगैरे, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून आठवडाभर बाजूला ठेवा. किडा माणसाच्या अंगाबाहेर दोन-तीन दिवसांपलीकडे टिकत नाही. पुळ्यांत पू झाला असेल किंवा ताप असेल तर वाट बघू नका.

पेरूची_फोड

अपडेट देते. आज स्किनच्या डॉक्टरांकडे जाऊन आलो. खोली अंधारी करून दिवा लावून बघितलं, पोरगं तर खूश, त्याला ते भुताच्या सिनेमातलं वाटलं. कोड नाही म्हणाले, पिटिरियासिस अल्बाच. कापसाने स्पर्शही तपासला, ठीक आहे. नुसतं मॉइश्चरायझर दिलं आणि तीन महिन्यांनी या म्हणाले. सासूबाईंना मात्र पटलेलं नाही, एवढी फी घेऊन औषधच दिलं नाही हा कसला डॉक्टर. नणंदेला मी फोन करून निदान सांगितलं, पुढचं काही सांगितलं नाही.

उंबरठा

आमचीही खरूजच निघाली. सगळ्यांनी लावलं, आजोबांनी खूप कटकट केली पण लावलं. पण लावून चार दिवस झाले तरी मुलगा खाजवतोच आहे, पुन्हा लावू का आत्ताच?

चट्टामट्टा

नको, आठवडा पूर्ण होऊ द्या. किडे मेले तरी कातडीची ॲलर्जी दोन ते चार आठवडे राहते, त्यासाठी खाजेची गोळी डॉक्टर देतील. रोज रोज लावलं तर औषधानेच कातडी चुरचुरते आणि तीच खाज खरूज समजून लोक आणखी लावत बसतात. महिन्यानंतरही नवीन पुळ्या येत असतील तर घरात कुणीतरी सुटलंय. आणि होस्टेलला कळवा, त्या खोलीतल्या सगळ्या मुलांनी एकाच वेळी लावलं नाही तर तो परत गेल्यावर पुन्हा घेऊन येईल.